फ्लीटवुड मॅकचा तोतया

जानेवारी १९७४. अमेरिकेतलं पिट्सबर्ग शहर, सिरिया मॉस्क नावाचं सभागृह. (नावावर जाऊ नका, तिथे नमाज नव्हे, मैफली व्हायच्या.) फ्लीटवुड मॅक या ब्रिटिश रॉक बँडचा कार्यक्रम होता. तिकिटं त्याच नावाने विकलेली. पाच जण मंचावर आले, त्यांनी दणकून वाजवलं, लोकांनी टाळ्या पिटल्या आणि मनातून साशंक असलेल्या आयोजकाचाही जीव भांड्यात पडला.

त्या पाचांत फ्लीटवुड मॅकमधला एकही माणूस नव्हता. ज्यांच्या आडनावांवरून बँडला नाव पडलं ते ड्रमर मिक फ्लीटवुड आणि बास वाजवणारा जॉन मॅकव्ही नव्हते. गाणारी, कीबोर्ड वाजवणारी क्रिस्टीन मॅकव्ही नव्हती. गिटारवाला बॉब वेल्च नव्हता. बँडच्या व्यवस्थापकाने इंग्लंडमधून दुसरेच पाच वादक गोळा करून पाठवले होते.

मराठीत या प्रकाराला आयता शब्द आहे. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण ते गेले याची खात्री सगळ्यांना पटली नाही, आणि काही वर्षांनी स्वतःला भाऊसाहेब म्हणवणारा एक जण उभा राहिला. १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला, तोवर त्याने कोकणातले किल्लेही घेतले होते. तोतयाला दोन गोष्टी लागतात. नाव लोकांच्या ओळखीचं हवं आणि चेहरा कुणाला नीट आठवत नसावा. १९७४ च्या अमेरिकेत फ्लीटवुड मॅकची अवस्था नेमकी तशी होती, आणि ती तशी का झाली इथूनच हे प्रकरण सुरू करावं लागतं.

नाव पडलं कसं

१९६७ साली लंडनमध्ये पीटर ग्रीन हा ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं दुखऱ्या सुरांचं संगीत) वाजवणारा गिटारिस्ट जॉन मेयॉलच्या बँडमधून बाहेर पडला. तिथे तो एरिक क्लॅप्टनच्या जागेवर आला होता, म्हणजे हात काय तयारीचा असेल बघा. मेयॉलने त्याला पूर्वी स्टुडिओचा थोडा वेळ भेट दिला होता. त्यात फ्लीटवुड आणि मॅकव्हीला घेऊन त्याने काही ध्वनिमुद्रणं केली होती, आणि त्यातल्या एका नुसत्या वाद्यांच्या तुकड्याला या दोघांच्या आडनावांचं नाव दिलं होतं. नवा बँड काढताना तेच नाव बँडला लावलं.

यात एक डाव होता. मॅकव्ही अजून मेयॉलकडे होता, तिथे पगार वेळेवर मिळत होता आणि तो सोडायला तयार नव्हता. नावातच तुला घेतलंय म्हटल्यावर कधीतरी येईल, हा हिशेब. ऑगस्टमध्ये विंडसरच्या महोत्सवात बँड पहिल्यांदा वाजला तेव्हा बासवर दुसराच माणूस होता. म्हणजे फ्लीटवुड मॅकच्या पहिल्याच कार्यक्रमात ‘मॅक’ गैरहजर! काही आठवड्यांनी तो आला.

पण ग्रीनच्या मनात आणखी एक गोष्ट होती, ती फ्लीटवुडने पुढे अनेकदा सांगितली आहे. आपण एक दिवस निघून जाऊ, मग या दोघांकडे निदान काहीतरी उरावं, म्हणून त्याने स्वतःचं नाव न देता त्यांचं दिलं. रॉकच्या धंद्यात हा अजब प्रकार आहे. बँडचं नाव सहसा गाणाऱ्याचं असतं, लिहिणाऱ्याचं असतं, नाहीतर काहीतरी अगम्य असतं. मागे बसून ताल धरणाऱ्या दोघांची आडनावं जोडून पाटी कोण लावतं? त्यातून हे दोघे गाणी लिहिणारे नाहीत की गाणारेही नाहीत. रेकॉर्ड कंपनीने पहिल्या अल्बमवर ‘पीटर ग्रीन्स फ्लीटवुड मॅक’ असं छापून घेतलं ते उगाच नव्हे. विकायचा चेहरा ग्रीनचाच होता.

एकेक खांब

१९६८ च्या पहिल्या अल्बमने ब्रिटनमध्ये विक्रीच्या यादीत चौथा क्रमांक गाठला. ‘अल्बट्रॉस’ हा शब्दाविना असलेला संथ तुकडा १९६९ च्या सुरुवातीला पहिल्या क्रमांकावर गेला. ‘ब्लॅक मॅजिक वुमन’ हे गाणं आज सगळे सांताना या अमेरिकी रॉक बँडचं म्हणून ओळखतात, पण ते लिहिलं पीटर ग्रीनने आणि आधी वाजवलं या बँडने. बँडची भरभराट चालू होती, आणि पैसा येऊ लागला तसा ग्रीन अस्वस्थ होऊ लागला. सगळे पैसे वाटून टाकू म्हणायचा. १९७० च्या मार्चमध्ये म्युनिकला एका कम्यूनमध्ये एलएसडी घेतल्यावर तो पूर्वीसारखा राहिला नाही, असं त्याचे सोबती सांगत. मे महिन्यात त्याने बँड सोडला. पुढची बरीच वर्षं मानसिक आजारात गेली.

दुसरा गिटारिस्ट जेरेमी स्पेन्सर. फेब्रुवारी १९७१, लॉस एंजेलिस. पुस्तकाच्या दुकानात जाऊन येतो म्हणून हॉटेलातून निघाला आणि परतलाच नाही. काही दिवसांनी सापडला तो ‘चिल्ड्रन ऑफ गॉड’ नावाच्या पंथात, डोकं भादरलेलं, आणि येणार नाही म्हणाला. दौरा अर्धवट राहिलेला. पीटर ग्रीनलाच विनवून बोलावलं आणि त्याने तो पुरा करून दिला.

तिसरा डॅनी कर्वन. १९६८ मध्ये आला तेव्हा अठरा वर्षांचा. ऑगस्ट १९७२ मध्ये कार्यक्रमाआधी मंचामागच्या खोलीत त्याने आपली लेस पॉल गिटार आपटून फोडली, मंचावर जायला नकार दिला आणि बाकीच्यांनी त्याच्यावाचून कसाबसा कार्यक्रम केला तो प्रेक्षकांत बसून पाहिला. वर नंतर येऊन चुकाही काढल्या! त्याला काढावं लागलं. त्याची पुढची कहाणी फार वाईट आहे. काही काळ तो लंडनमध्ये बेघर होता.

दोन वर्षांच्या आसपास तीन गिटारिस्ट गेले, आणि तिघेही गाणी लिहिणारे. दुसरा कुठलाही बँड इथे संपला असता. हा टिकला, कारण गेलेल्यांपैकी कुणाचं नाव पाटीवर नव्हतं. जॉनची बायको क्रिस्टीन १९७० मध्ये रीतसर बँडमध्ये आली होती, १९७१ मध्ये कॅलिफोर्नियाचा बॉब वेल्च आला, नंतर बॉब वेस्टन आणि काही काळ डेव्ह वॉकर. ब्लूज मागे पडून सूर मवाळ झाला. ब्रिटन त्यांना विसरत चालला, अमेरिकेत मात्र एक बऱ्यापैकी प्रेक्षक जमला. गाणं ओळखणारा, माणसं न ओळखणारा.

त्या काळातली मुखपृष्ठं काढून बघा. ‘बेअर ट्रीज’वर धुक्यातली निष्पर्ण झाडं (फोटो जॉन मॅकव्हीने काढलेला), ‘पेंग्विन’वर पेंग्विन, ‘मिस्ट्री टू मी’वर वानरासारखा कुठलासा प्राणी. तोतयासाठी याहून सोयीचा बँड सापडला नसता.

लिंकन, नेब्रास्का

१९७३ च्या शरद ऋतूत अमेरिकेचा दौरा चालू होता आणि बरा चालला होता. तेवढ्यात कळलं की बॉब वेस्टन आणि मिक फ्लीटवुडची बायको जेनी बॉइड यांचं प्रकरण सुरू आहे. फ्लीटवुडने काही दिवस दात-ओठ खाऊन ढोल बडवले, वेस्टन दोन पावलांवर गिटार वाजवत होता. ऑक्टोबरमध्ये लिंकन या गावी त्याने हात टेकले. वेस्टनला काढलं, उरलेले कार्यक्रम रद्द केले आणि सगळे पांगले.

आता व्यवस्थापक क्लिफर्ड डेव्हिसच्या बाजूने बघू. त्याच्या डोक्यावर ठरलेल्या तारखा होत्या, आयोजकांना दिलेला शब्द होता. दौरा मोडला तर नुकसान, आणि पुढे कुणी उभं करणार नाही ही भीती. वादकांच्या लहरीपायी आपण का बुडावं, असा त्याचा रोख होता. इथवर माणूस समजून घेता येतो. तमाशाच्या फडमालकाला विचारा, सुपारी घेतल्यावर ऐन वेळी नाचणारी निघून गेली की काय होतं. पण फडमालक दुसरी आणेल आणि तिला तिच्याच नावाने उभी करेल. डेव्हिसने सगळा फडच बदलला आणि नाव जुनंच ठेवलं. त्याचा दावा सरळ होता, फ्लीटवुड मॅक हे नाव माझ्या मालकीचं आहे.

नव्या पाचांत गाणारा एल्मर गँट्री आणि गिटारवर कर्बी ग्रेगरी हे दोघे प्रमुख. ही मंडळी भुरटी नव्हती, चांगले कसलेले वादक होते. बासवर असलेला पॉल मार्टिनेझ पुढे लेड झेपलिन या बड्या रॉक बँडच्या गायकाबरोबर, रॉबर्ट प्लांटबरोबर वाजवत होता आणि १९८५ च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीत त्या बँडचे उरलेले सदस्य एकत्र आले तेव्हा बास त्याच्याच गळ्यात होता. गँट्री आणि कर्बी कायम सांगत आले की आम्हाला फसवून नेलं नाही, मिक फ्लीटवुड स्वतः या नव्या संचात येणार असं ठरलं होतं, तो आलाच नाही. फ्लीटवुडने ते नाकारलं. कोण खरं ते बाहेरून ठरवता येत नाही. मला एवढंच दिसतं की या प्रकरणात तोतये म्हणून ज्यांच्यावर बाटल्या पडल्या ते सगळ्यात कमी दोषी असावेत.

बाटल्या हे अलंकारिक नाही. पिट्सबर्ग चांगलं झालं, पुढचे काही कार्यक्रमही झाले. मग बातमी फुटली. काही ठिकाणी त्यांना दारातूनच परत पाठवलं, पुढच्या तारखा रद्द झाल्या, जिथे वाजवलं तिथे हुर्यो. दौऱ्याचा जुना व्यवस्थापक जॉन करेज आधी डेव्हिसच्या सांगण्यावर काम करत होता. सांगितलेली गोष्ट खोटी आहे हे उमगल्यावर त्याने खऱ्या बँडचं सामान लपवून ठेवलं. कीबोर्डवाला सोडून गेला. शेवटी कॅनडात एडमंटनला मंचावर बाटल्या भिरकावल्या गेल्या आणि दौरा तिथेच संपला.

सह्या

‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी पाहून आपण हसतो. पण ती लावायची वेळ ज्याच्यावर येते त्याचा कुणीतरी भाऊ, भागीदार किंवा जुना कारागीर शेजारच्या गल्लीत तेच नाव लावून बसलेला असतो. अशा भांडणात गिऱ्हाईक चवीवरून निवाडा करतं आणि कोर्ट कागदावरून.

कागद फ्लीटवुड आणि मॅकव्हीच्या विरुद्ध जाईल अशी लक्षणं होती. स्वतःच्या आडनावांचा बँड, पण करारांवर सह्या करताना नावाचा हक्क त्यांनी सोडून दिल्यासारखं दिसत होतं. विशीतली पोरं, समोर ठेवलेला कागद, वाचतो कोण? रेकॉर्ड कंपनी वॉर्नर ब्रदर्सकडे दाद मागितली तर ते म्हणाले, नाव कुणाचं ते आम्हालाही माहीत नाही. नावावरून कोर्टात खटला उभा राहिला आणि जवळजवळ वर्षभर खरा बँड हात बांधून बसला. खोटा मोडलेला, खरा अडकलेला, आणि नाव अधांतरी.

इथे बॉब वेल्चचं मोल कळतं. तो लॉस एंजेलिसमध्येच राहिला होता. करमणूक-धंद्यातले वकील त्याने गाठले, कंपनीचं बँडकडे लक्ष नाही हे ओळखलं, आणि इंग्लंडमध्ये बसून हे सुटायचं नाही, बिऱ्हाड अमेरिकेत हलवा, असं बाकीच्यांच्या मागे लागला. १९७४ मध्ये ते हलले. सॅन फ्रान्सिस्कोचे नामांकित आयोजक बिल ग्रॅहॅम यांनी वॉर्नरला पत्र लिहिलं की खरा फ्लीटवुड मॅक म्हणजे फ्लीटवुड, वेल्च आणि दोघे मॅकव्ही. खटला त्याने संपला नाही, पण रेकॉर्डिंगची वाट मोकळी झाली. दावा चार वर्षांनी कोर्टाबाहेर मिटला.

या सगळ्यातून बँडने घेतलेला एकच निर्णय मला महत्त्वाचा वाटतो. त्यांनी नवा व्यवस्थापक नेमलाच नाही. आपला कारभार आपणच पाहायचा ठरलं आणि ती जबाबदारी मुख्यतः मिक फ्लीटवुडने उचलली. ज्याने पुढे स्वतःच्या पैशाचं वाटोळं करून १९८४ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, त्यानेच बँडचं दुकान मात्र नीट चालवलं.

सप्टेंबर १९७४ मधला ‘हीरोज आर हार्ड टू फाइंड’ अमेरिकेत चौतिसाव्या क्रमांकापर्यंत गेला, तोवरची तिथली त्यांची सर्वांत चांगली कामगिरी. आणि डिसेंबरमध्ये थकलेला वेल्च बँड सोडून गेला.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे

म्हणून थोडक्यात. स्टुडिओ शोधायला फ्लीटवुड व्हॅन नाइस भागातल्या साउंड सिटीमध्ये गेला होता. तिथल्या कीथ ओल्सनने स्टुडिओचा आवाज कसा येतो ते दाखवायला एक गाणं लावलं, त्यातल्या गिटारने फ्लीटवुडचे कान टवकारले. गिटार लिंडसे बकिंगहॅमची. त्याला विचारलं तर तो म्हणाला, मैत्रीण स्टीव्ही निक्सलाही घ्याल तर येतो. तिचा तेव्हा हॉटेलात वेटरचं काम करून चरितार्थ चालला होता. दोघे आले. १९७५ चा अल्बम पहिल्या क्रमांकावर पोचायला वर्षाहून जास्त काळ लागला, दौरे करून करून तो वर ढकलला. मग फेब्रुवारी १९७७ मध्ये ‘रूमर्स’. तो करताना दोन्ही मॅकव्हींचा घटस्फोट होत होता, बकिंगहॅम आणि निक्स तुटले होते, फ्लीटवुडचा संसारही मोडत होता, आणि तरी सगळे एकाच खोलीत बसून एकमेकांवर लिहिलेली गाणी एकमेकांबरोबर वाजवत होते. अमेरिकेत ३१ आठवडे पहिला क्रमांक, जगभरात चार कोटींहून अधिक प्रती.

त्यातलं ‘द चेन’ हे एकच गाणं पाचही जणांच्या नावावर आहे. शेवटाकडे सगळं थांबतं आणि जॉन मॅकव्हीचा बास एकटा चालू लागतो. बीबीसीने फॉर्म्युला वन शर्यतींसाठी वर्षानुवर्षं तेवढाच तुकडा वाजवला. ज्याने गाणी लिहिली नाहीत त्याचे ते सूर निम्म्या ब्रिटनला पाठ आहेत.

१९७९ चा ‘टस्क’ हा दुहेरी अल्बम दहा लाख डॉलरहून अधिक खर्चून केला आणि ‘रूमर्स’च्या मानाने तो पडला. मला तो जास्त आवडतो, पण ते असो.

अस्सल कागद, नक्कल माल

१९७४ ची खरी उलटतपासणी एकवीस वर्षांनी झाली. १९९५ साली नावाबद्दल कसलाच वाद उरला नव्हता. मिक फ्लीटवुड होता, जॉन मॅकव्ही होता, क्रिस्टीनची गाणी होती. पण बकिंगहॅम आणि निक्स गेलेले, त्यांच्या जागी डेव्ह मेसन आणि बेक्का ब्रॅम्लेट. क्रिस्टीनही दौऱ्यावर जात नव्हती. ‘टाइम’ नावाचा अल्बम निघाला आणि अमेरिकेच्या पहिल्या दोनशेंतही आला नाही. मालकी शंभर नंबरी, कागद चोख. लोकांनी तो संच तोतया ठरवला, फक्त बाटल्या फेकल्या नाहीत, तिकिटंच काढली नाहीत.

आणि १९७४ मध्ये पिट्सबर्गच्या लोकांनी नकली संचाला टाळ्या दिल्या होत्या! तेव्हा लोकांना चेहरे माहीत नव्हते, ‘रूमर्स’ने ते घराघरांत पोचवले. ग्रीनने दिलेली पाटी दहा वर्षं बिनचेहऱ्याची होती म्हणून बँड माणसं बदलत जगू शकला, आणि म्हणूनच कुणालाही ती उचलता आली. १९७७ नंतर ती उचलणं अशक्य झालं, पण बदलणंही अशक्य झालं. १९९७ मध्ये ते पाच जण पुन्हा एकत्र आले, ‘द डान्स’ थेट पहिल्या क्रमांकावर. २०१८ मध्ये बकिंगहॅमला काढून दोन नामांकित वादक घेतले, तेव्हाही ‘हा फ्लीटवुड मॅक आहे का’ हा वाद रंगला. २०२२ मध्ये क्रिस्टीन गेली आणि आता बँड चालवण्यात अर्थ नाही असं स्टीव्ही निक्सने सांगून टाकलं. तिचं नाव पाटीवर कधीच नव्हतं.

तोतयांचं काय झालं? गँट्री आणि कर्बीने स्ट्रेच नावाचा बँड काढला. १९७५ मध्ये त्यांचं एक गाणं ब्रिटनमध्ये सोळाव्या क्रमांकापर्यंत गेलं, ‘व्हाय डिड यू डू इट’. रोख मिक फ्लीटवुडवर होता. मूळ बँडमधून ब्रिटनमध्ये त्या वर्षी एकही गाणं तिथवर पोचलं नाही.

बॉब वेल्चने १९७७ मध्ये ‘सेंटिमेंटल लेडी’ हे आपलंच जुनं गाणं नव्याने केलं. त्यात क्रिस्टीन आणि बकिंगहॅमने साथ दिली, आणि वेल्चचा व्यवस्थापक होता मिक फ्लीटवुड. गाणं अमेरिकेत आठव्या क्रमांकावर गेलं. पुढे १९९४ मध्ये रॉयल्टीच्या पैशांवरून वेल्चने जुन्या सोबत्यांवरच दावा लावला, तोही तडजोडीने मिटला. जानेवारी १९९८ मध्ये न्यूयॉर्कला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये फ्लीटवुड मॅकचा समावेश झाला, आठ नावांसह. फ्लीटवुड, दोन्ही मॅकव्ही, बकिंगहॅम, निक्स, आणि जुन्यांपैकी ग्रीन, स्पेन्सर, कर्वन. त्या रात्री पीटर ग्रीनने सांतानाबरोबर ‘ब्लॅक मॅजिक वुमन’ वाजवलं. पाच अल्बम केलेला वेल्च यादीत नव्हता. दावा लावल्याचा तो राग आहे, असं तो म्हणत राहिला.